कोरडी विहीर, कोरडा पंप

शेतीपंपांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणणं हे माझं पोटापाण्याचं काम. मागच्या महिन्यात एका जुन्या पुस्तिकेची दुरुस्ती माझ्याकडे आली. मूळ इंग्रजी सूचना एका ओळीची होती : 'डू नॉट रन द पंप ड्राय.' तिच्याखाली आधीच्या भाषांतरकाराने लिहिलं होतं, 'पंप आटेपर्यंत चालवू नका.' मी ते वाक्य तीनदा वाचलं. पंप आटत नाही, आटते ती विहीर. शेतकरी हे वाचून म्हणेल, बरोबर आहे, विहिरीत थोडं पाणी राखावं. आणि खरा धोका त्याच्या ध्यानातच येणार नाही. पंपाच्या आतलं सील पंपातल्या पाण्यानेच ओलं आणि थंड राहतं. पाणी नसताना पंप फिरत राहिला की ते तापतं, करपतं, आणि दुरुस्तीचा खर्च उभा राहतो तो नेमका गहू ओंबीवर आलेला असताना.

ती पुस्तिका घेऊन मी मामांकडे गेले. मामांनी साताऱ्याजवळच्या एका शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शब्दांवरून आमचं लहानपणापासून जमतं, आणि शब्दांवरूनच वाजतं. त्या दुपारी पडवीत जे बोलणं झालं ते आठवेल तसं इथे मांडते आहे. सुरुवात एका क्रियापदावरून झाली, पण वाद भाषा शिकावी कशी आणि शिकवावी कशी इथवर जाऊन पोचला.

मामा : या माणसाने कोशातला एक अर्थ उचलला आणि चिकटवला. 'रन'चा मूळ अर्थ त्याच्या मनात पक्का असता, तर तो चुकला नसता.

मी : मला उलटं वाटतं, मामा. 'द वेल हॅज रन ड्राय' म्हणजे विहीर आटली, हे तो कधीतरी शिकला असणार. तेच त्याने पंपाला लावलं. त्याला अर्थ कमी माहीत होते, म्हणून तो चुकला.

मामा : मग किती माहीत असावेत?

मी : ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाला विचाराल तर ६४५. तेही नुसत्या क्रियापदाचे, नाम वेगळं. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराने या एका क्रियापदाच्या नोंदीवर नऊ महिने घालवले. त्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत पहिला मान 'सेट'कडे होता, त्याचे ४३० अर्थ दिलेले होते. 'रन'ने त्याला मागे टाकल्याचं २०११ साली वर्तमानपत्रांतून छापून आलं.

मामा : त्या ६४५ मधले आठवीतल्या मुलाला मी किती शिकवू? वर्ष संपतं, 'रन' संपत नाही. म्हणून मी एकच गोष्ट शिकवायचो. 'रन' म्हणजे सुरू होऊन पुढे जात राहणं. पाय पुढे जातात, पाणी पुढे जातं, रस्ता, यंत्र, वेळ, सगळं पुढे जातं. एवढं चित्र डोळ्यांसमोर आलं की पुढचं मूल आपण होऊन लावतं.

मी : 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर' कसं लावेल? साखर कुठे गेली?

मामा : गळक्या भांड्यातलं पाणी जात जात भांडं रिकामं होतं ना, तसा डबा रिकामा झाला.

मी : 'आय रॅन इंटू अ फ्रेंड'?

मामा : जाता जाता समोर आला, गाठ पडली.

मी : 'शी इज रनिंग अ टेम्परेचर'?

मामा जरा थांबले. मग म्हणाले, "ताप अंगात चालू आहे."

मी : मामा, हे ओढून आणलेलं आहे. उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे, म्हणून चित्र जुळतं. ज्याला उत्तर माहीत नाही त्याला तुमचं चित्र तिथवर नेणार नाही. वर्तमानपत्राने बातमी 'रन' केली म्हणजे छापली. टोळीने बंदुका 'रन' केल्या म्हणजे चोरून सीमेपार नेल्या. धुतल्यावर साडीचा रंग 'रन' झाला म्हणजे सुटला. 'पुढे जात राहणं' एवढ्यावरून हे तिन्ही कोण ओळखेल?

मामा : रंगाचं उदाहरण तू माझ्याच बाजूने दिलंस. जर्मन भाषेत दोन सख्खी क्रियापदं आहेत, 'रिनन' म्हणजे वाहणं आणि 'रेनन' म्हणजे पळणं. जुन्या इंग्रजीतही अशी दोन होती. एक आपण होऊन धावण्या-वाहण्याचं, दुसरं दुसऱ्याला धावायला लावण्याचं. पुढे ती एकमेकांत मिसळली आणि आजचं 'रन' तयार झालं. तेव्हा नदीने, नाकाने, रंगाने 'रन' होणं हे पळण्यावरून केलेलं रूपक आहे असं समजू नकोस. वाहणं त्या शब्दाच्या पोटात पहिल्यापासून आहे. काही व्युत्पत्तिकार त्याचं नातं संस्कृतातल्या 'री' धातूशी लावतात. 'री' म्हणजे वाहणं, आणि त्याच धातूवरून आला 'रीति'. वेदात 'रीति'चा अर्थ प्रवाह असाही होतो. आपण घरातली रीत म्हणतो ती पिढ्यांतून वाहत आलेलीच गोष्ट असते की नाही?

मी : हे मला माहीत नव्हतं. 'रन' आणि 'रीत' भाऊबंद निघाले तर!

मामा : लांबचे, आणि त्या व्युत्पत्तिकारांचं खरं मानलं तर. पण आपलंच 'धाव' घे. संस्कृतात 'धाव्' म्हणजे पळणं आणि वाहणं दोन्ही. मराठीने त्यातलं पळणं ठेवलं, आणि त्याला नवी घरं दिली. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून विहिरीपासून खाली जायचे, ती धाव. बैलगाडीच्या चाकाला बसवलेली लोखंडी पट्टी, तीही धाव. माझ्या आजोबांच्या विहिरीची धाव अजून डोळ्यांसमोर आहे. खुरांनी तुडवून माती दगडासारखी घट्ट झालेली, आणि मोट वर आली की थारोळ्यात पाणी कोसळल्याचा आवाज. शाळेत मी तीच धाव सांगायचो. क्रिकेटच्या 'रन'लाही आपण धावच म्हटलं, आणि चौकार गेल्यावर फलंदाज जागचा हलला नाही तरी त्याला चार धावा मिळतात. आजवर कुठल्या मुलाचा यात घोटाळा झाला नाही.

मी : तुमचं सगळं ऐकायला गोड वाटतं, पण माझं टेबल वेगळं आहे. माझ्यासमोर इंग्रजी वाक्य येतं आणि मला एक मराठी क्रियापद निवडावंच लागतं. तिथे धाव क्वचित कामाला येते. नदी वाहते, रस्ता जातो, साखर संपते, रंग सुटतो, धोका पत्करायचा असतो, विहीर आटते. सगळ्यांत जास्त वेळा येतं ते 'चालणं'. यंत्र चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, नाटक चालतं, बाई घर चालवते. इंग्रजी जिथे पळते तिथे मराठी चालते. निवडणुकीचं पाहा. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, इंग्लंडमध्ये तोच 'स्टँड' करतो, आणि आपल्याकडेही तो उभाच राहतो. इंग्रजी तीच, समुद्र ओलांडला की क्रियापद बदलतं. यातला प्रत्येक अर्थ मी वेगळा धरला नाही तर माझं वाक्य पडतं. म्हणून गिलिव्हर यांचे नऊ महिने मला वाया गेलेले वाटत नाहीत.

मामा : वाया गेले असं मीही म्हणत नाही. मी विचारतो, हे ६४५ कुणी ठरवले? दुसऱ्या कुणी मोजले तर तेवढेच भरतील का?

मी : नाही भरणार, हे मलाच सांगायला हवं. प्रिन्स्टन विद्यापीठात संगणकासाठी तयार झालेला वर्डनेट नावाचा कोश आहे. त्यात क्रियापद 'रन'चे अर्थ ४१ आहेत.

मामा : एकीकडे ६४५, दुसरीकडे ४१! शब्द तोच, भाषा तीच. म्हणजे आकडा शब्दाचा नाही, मोजणाऱ्याचा.

मी : मोजणाऱ्याचा खरा, पण मनाचा नाही. ऑक्सफर्डचा कोश कसा झाला आठवा. जेम्स मरे यांनी घराच्या बागेत पत्र्याची खोली बांधली आणि भिंतींवर खणच खण केले. हजारो साध्या वाचकांनी पुस्तकं वाचताना सापडलेली वाक्यं कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली. एका चिठ्ठीवर एक वाक्य. त्या चिठ्ठ्या अर्थाप्रमाणे गठ्ठ्यांत लावायच्या. एखादी चिठ्ठी कुठल्याच गठ्ठ्यात बसेना, की नवा गठ्ठा. पहिला भाग १८८४ साली निघाला, शेवटचा १९२८ साली. मरे १९१५ मध्येच गेले, त्यांना पूर्ण कोश पाहायला मिळाला नाही. ६४५ हा अशा गठ्ठ्यांचा आकडा आहे. काही कोशकार दोन गठ्ठे एकत्र बांधतात, काही एकाचे दोन करतात. पण प्रत्येक गठ्ठ्यात कुणीतरी खरोखर लिहिलेली वाक्यं आहेत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, "अगं, दूध लागलं का बघ गं खाली! माझा हात लागेना." मी उठून गॅस बंद केला. पातेल्याच्या तळाला करपल्याचा वास येत होता. परत येऊन बसले तेव्हा मामा माझ्याकडे बघत होते.

मामा : आता दूध खाली लागलं, आणि मामीचा हात लागेना. एका दमात दोन 'लागणं'. मोज बघू.

आम्ही दोघं मोजायला लागलो. भूक लागली, ठेच लागली, आग लागली, डोळा लागला, नोकरी लागली, निकाल लागला, विहिरीला पाणी लागलं, आंब्याला कैऱ्या लागल्या, सातबारावर नाव लागलं, दृष्ट लागली, दम लागला, घाट लागला. तो तुझा कोण लागतो? भाजी गोड लागते. जायला दोन तास लागतात. जावंच लागलं. रडायला लागला. वाट लागली. खाल्लेलं अंगी लागत नाही. पुढे आम्हीच थांबलो.

मामा : कोशात बघायचं तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आत कपाटात आहे. पण त्याआधी मला सांग, यातला एकही अर्थ तुला कुणी शिकवला का?

मी : नाही. माझ्या शेजारी एक तमिळ मुलगी राहायला आली आहे, ती मराठी शिकते. तिने मला विचारलं, लागणं म्हणजे काय? मी म्हटलं, चिकटणं, स्पर्श होणं. तुमच्यासारखाच मूळ अर्थ दिला. ती म्हणाली, मग 'जावं लागलं' यात काय कशाला चिकटलं? मला सांगता येईना. चिकटण्यातून सक्तीपर्यंत वाट असेलही, पण ती वाट चालून कुणी मराठी मूल तिथे पोचत नाही.

मामा : आणि कोशातले अर्थ एक ते पन्नास पाठ करूनही पोचत नाही.

मी : ते खरं आहे. आईने विचारलं, भूक लागली का? तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. अंगठ्यातून रक्त आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, ठेच लागली. 'लागणं' एकटं कधी आलंच नाही. ते भुकेबरोबर आलं, ठेचेबरोबर आलं.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तुझंही नाही आणि माझंही नाही. शब्द सोबतीने येतो."

मी : बाजारात बघा ना. फर्निचर करणारा मिस्त्री रनिंग फुटाचा भाव सांगतो. ठेकेदार काम चालू असताना रनिंग बिल काढतो. जुनी गाडी घेणारा विचारतो, रनिंग किती झालंय? कंडक्टर ओरडतो, रनिंगमध्ये चढू नका. हे चार वेगवेगळे अर्थ आहेत. त्या चौघांनी 'रन'ची नोंद कधी उघडली नसेल, पण त्यांतला एकही चुकत नाही. मिस्त्रीला 'रनिंग' लाकडासोबत मिळालं, ठेकेदाराला बिलासोबत.

मामा : तर मग चल, आपल्या पंपाकडे. त्याचीही सोबत बघू. 'द वेल रॅन ड्राय'. इथे जे झालं ते विहिरीला आपण होऊन झालं. कोरडं होणं हा शेवट आहे. 'रन द पंप ड्राय' मध्ये करणारा माणूस आहे, पंप हे कर्म आहे. मघाशी सांगितलं ना, धावणं आणि धावायला लावणं अशी दोन क्रियापदं इंग्रजीत एक झाली. मराठीत ती अजून वेगळी आहेत, चालणं आणि चालवणं. त्यामुळे इंग्रजीत जो भेद डोळ्यांना दिसत नाही तो आपल्याला एका 'व'ने दाखवता येतो. इथे 'ड्राय' हा शेवट नाही. चालवतानाची पंपाची अवस्था आहे.

मी : इतकं व्याकरण पुरेल असं मलाही मघाशी वाटलं होतं. पण 'दे रॅन द वेल ड्राय' घ्या. करणारा माणूस आहे, विहीर कर्म आहे, बांधणी पंपाच्या वाक्याचीच. तरी अर्थ होतो, उपसून उपसून विहीर कोरडी केली. इथे 'ड्राय' पुन्हा शेवटाला गेलं. दोन वाक्यांत बदललं ते फक्त नाव. पंपाच्या जागी विहीर आली.

मामा : मग निवाडा कशाने झाला?

मी : विहीर काय असते आणि पंप काय असतो, ते माहीत असण्याने. विहिरीत पाण्याचा साठा असतो, तो उपसून संपवता येतो. पंपात साठा नसतो, पंपातून पाणी नुसतं जातं. ज्याने हे पाहिलंय त्याला ६४५ अर्थांची यादी नको, मूळ चित्रही नको. मला वाटतं त्या भाषांतरकाराचं इंग्रजी कच्चं नव्हतं. त्याने कधी पंप पाहिला नव्हता.

मामांनी पुस्तिका हातात घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

मामा : नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, 'माय फादर्स शॉप इज वॉकिंग वेल.' वडिलांचं किराणाचं दुकान होतं, ते चांगलं चालत होतं. मी 'वॉकिंग'वर लाल रेघ मारली, वर 'रनिंग' लिहिलं आणि पुढची वही घेतली. त्याला काय कळलं असेल? आपण जे बोलतो ते चुकीचं, एवढंच. त्याला सांगायला हवं होतं की तुझा विचार अगदी बरोबर आहे. मराठीत दुकानाच्या सोबतीला चालणं आहे, इंग्रजीत त्याच जागी पळणं आहे. दोन्हीकडे दुकान जागेवरच असतं. एवढं दोन मिनिटांत सांगून झालं असतं. तो 'रन' तर शिकलाच असता, पण त्याने आपल्या 'चालणं'कडेही पहिल्यांदा नीट पाहिलं असतं. मी मूळ अर्थ शिकवत राहिलो, तू गठ्ठे मोजत राहिलीस. त्या मुलाला हवं होतं ते त्याच्याच दुकानात होतं.

मी : मामा, तरी मला गठ्ठे लागणारच. पंप मी पाहिलाय, पण उद्या जहाजाची पुस्तिका आली तर? जे मी पाहिलेलं नाही ते दुसऱ्याने पाहून, चिठ्ठीवर उतरवून ठेवलेलं मला कोशातच मिळेल.

मामा : आणि मला माझी धाव लागणार. मुलाला पहिल्या दिवशी हात धरायला काहीतरी द्यावं लागतं. फक्त तिथे थांबू नये.

मी पेन्सिल काढली आणि जुनं वाक्य खोडून वर लिहिलं : 'पंपात पाणी नसताना पंप चालवू नका.' मामांनी ते वाचून मान हलवली. मामी दुधाचं पातेलं घासत मोरीपाशी बसल्या होत्या. त्यांच्या माहेरी अजून बागायत आहे, आणि मोटर जळाली की काय होतं ते त्यांनी बघितलेलं आहे. त्यांना मी वाक्य वाचून दाखवलं.

"मोटर कोरडी चालवू नका, असं म्हण की," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे असंच म्हणतात."

मी परत खोडलं. आता पुस्तिकेत छापायला गेलेली ओळ अशी आहे : 'पंपात पाणी नसताना मोटर कोरडी चालवू नका.'